अंगठे सहा, काम दोघांचं

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी रात्री अकराला भाची लॅपटॉपसमोर चडफडत बसते. ऑनलाइन एमबीए, सहा जणांचा गट, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊ-दुकानांवर एक प्रोजेक्ट. "मावशी, काम आम्ही दोघी करतोय. बाकीचे नुसते अंगठे दाखवतात!" व्हॉट्सॲपवरचे, होकाराचे अंगठे. अर्थ तोच निघतो म्हणा.

हे दुखणं इंटरनेटहून जुनं आहे. 1880च्या दशकात माक्स रिंगेलमान या फ्रेंच शेतकी इंजिनिअरने माणसांना दोर ओढायला लावले. एकट्याचा जोर 100 धरला, तर आठ जणांत प्रत्येकाचा उरला जेमतेम 49. एकदम ओढायचा ताल जमत नसेल, असं कुणीही म्हणेल. ते थोडंफार खरंही होतं. पण 1974 साली संशोधक ॲलन इंगहॅम आणि सहकाऱ्यांनी लोकांचे डोळे बांधले आणि मागे आणखी माणसं ओढताहेत असं भासवलं. प्रत्यक्षात ओढणारा एकटाच. जोर तरी घटला! 1979मध्ये मानसशास्त्रज्ञ बिब लाताने यांच्या चमूने टाळ्या आणि आरोळ्या मोजल्या. सहा जणांत माणशी आवाज एकट्याच्या साधारण 40 टक्क्यांवर आला. याला 'सोशल लोफिंग' म्हणतात. आपल्याकडे अंगचोरपणा हा शब्द आहेच.

आपला आवाज वेगळा ऐकू येणार नसेल, तर माणूस घसा कशाला ताणेल? सगळ्यांची एकच फाइल आणि सगळ्यांना सारखेच गुण, म्हणजे तोच दोर.

मग मेसेज मोजून गुण द्यावेत? काही शिक्षक देतात. 'छान मुद्दा', 'सहमत' यांचा पाऊस पडतो, बाकी काही नाही. 1971 साली टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी काढलेली तोड मला जास्त पटते. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येक मुलाला एकच द्यायचा. इतरांना तो भाग त्याच्याकडूनच शिकावा लागतो, त्यामुळे लपायला जागा राहत नाही आणि त्याला वगळताही येत नाही.

भाचीने तसंच केलं. भुट्टे का कीस एकाला, गराडू दुसऱ्याला, जिलबी तिसरीला. ज्या मुलावर ती सगळ्यांत जास्त चिडली होती, त्याचा भाग सर्वांत नेटका आला. फाइलच्या इतिहासात वेळ दिसली: पहाटे 4.10. तो रात्रपाळी करतो, हे गटात कुणी विचारलंच नव्हतं.