लावलेले केस टिकतात, मूळचे गळतात

‘एकदा हेअर ट्रान्सप्लांट झालं की गोळ्या आणि लोशन सुटतील’ अशी अपेक्षा ठेवून अनेक जण शस्त्रक्रियेला तयार होतात. ती सहसा पुरी होत नाही. शस्त्रक्रिया केसांची जागा बदलते, टक्कल पडणं थांबवत नाही.

डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातल्या केसांवर पुरुषी टकलाचा फारसा परिणाम होत नाही. तिथली मुळं पुढे आणून लावली तरी तो गुण टिकतो, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ मध्ये मांडलं आणि आजचं सगळं केशारोपण त्यावरच उभं आहे. पण नव्या ग्राफ्टच्या, म्हणजे पुढे आणून लावलेल्या मुळांच्या, आजूबाजूला जे मूळचे केस असतात, त्यांना हे संरक्षण नसतं. टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारं डीएचटी हे संप्रेरक त्यांचा वाढीचा काळ उगवण्या-गळण्याच्या दर फेरीला आखडत नेतं. केस बारीक आणि आखूड होत शेवटी नुसती लव उरते. पंचविशीत पुढची रेषा भरून घेतली आणि औषध घेतलंच नाही, तर काही वर्षांनी पुढे केसांची पट्टी आणि तिच्यामागे मोकळी टाळू असं चमत्कारिक दृश्य दिसू शकतं. मग दुसरी शस्त्रक्रिया. मागच्या पट्ट्यातला साठा मात्र मर्यादित असतो आणि तिथून काढलेलं मूळ पुन्हा उगवत नाही.

औषधं मुख्यतः दोन. फिनास्टेराइड हे टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. रोजच्या १ मिलिग्रॅम गोळीने रक्तातलं डीएचटी सुमारे ७० टक्क्यांनी उतरतं. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते डीएचटीला हात लावत नाही, केसाचा वाढीचा काळ लांबवतं. टाळूतलं एक एन्झाइम त्याला कार्यक्षम रूप देतं आणि ते एन्झाइम ज्यांच्यात कमी, त्यांना लोशनचा गुण कमी येतो. ‘मला काहीच फरक पडला नाही’ म्हणणारे सगळेच औषध चुकवत नसतात.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७९ पुरुषांपैकी काहींना शस्त्रक्रियेच्या ४ आठवडे आधीपासून नंतरच्या ४८ आठवड्यांपर्यंत फिनास्टेराइड दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. वर्षअखेर फिनास्टेराइडच्या गटात केसांची दाटी जास्त भरली.

वय कमी असेल आणि गळती जोरात असेल, तर आधी ६ ते १२ महिने औषध घेऊन गळती स्थिरावू देणं शहाणपणाचं. किती ग्राफ्ट लागतील हे तेव्हाच नीट कळतं. कधी कधी शस्त्रक्रियेची घाईच उरत नाही. फिनास्टेराइड शस्त्रक्रियेच्या दिवशीही चालू ठेवता येतं. मिनॉक्सिडिलचं लोशन बहुतेक सर्जन आठवडाभर आधी थांबवतात. ते रक्तवाहिन्या रुंदावतं आणि टाळूची आग करू शकतं. रक्तस्राव वाढला तर बारीक छिद्रांत ग्राफ्ट बसवणं अवघड होतं. कमी मात्रेची मिनॉक्सिडिलची गोळी चालू असेल, तर ते भूल देण्याआधी सांगायलाच हवं. ॲस्पिरिनचंही तसंच, पण ते हृदयासाठी दिलेलं असेल तर आपल्या मनाने बंद करू नये.

ग्राफ्ट साधारण दहाव्या दिवशी पक्के रुजतात. खपल्या पडून टाळू कोरडी झाली की, म्हणजे बहुधा १० ते १४ दिवसांनी, लोशन पुन्हा सुरू करतात: ५ टक्क्यांचं, दिवसातून दोनदा, १ मिलिलिटर. चोळायचं नाही, थेंब टेकवायचे. आग होत असेल तर लोशनमधलं प्रोपिलीन ग्लायकॉल कारणीभूत असू शकतं. ते नसलेला फोम वापरून पाहावा. घरात मांजर असेल तर विशेष जपा, मिनॉक्सिडिल मांजरांना जीवघेणं ठरतं.

यानंतर लोक घाबरतात. दोन ते सहा आठवड्यांत लावलेले केस गळून पडतात. मुळं आत शाबूत असतात आणि नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागतात. शेजारचे मूळचे केसही शस्त्रक्रियेच्या धक्क्याने गळू शकतात. याला शॉक लॉस म्हणतात. धडधाकट केस परततात, आधीच बारीक झालेले कधी कधी परतत नाहीत. मिनॉक्सिडिल नव्याने सुरू केलं असेल तर त्याची सुरुवातीची गळतीही याच वेळी येते. वैतागून इथे औषध सोडणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. निकाल बाराव्या महिन्यात पाहायचा, भोवऱ्याकडचा त्याहून उशिरा.

फिनास्टेराइडने थोड्या पुरुषांमध्ये कामेच्छा किंवा ताठरता कमी होते. युरोपच्या औषध नियामकाने २०२५ मध्ये आत्महत्येचे विचार हाही त्याचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. मन खचल्यासारखं वाटलं तर गोळी थांबवून डॉक्टरांना गाठावं. प्रोस्टेटसाठीची पीएसए तपासणी करताना ही गोळी चालू असल्याचं सांगावं, कारण आकडा जवळपास निम्मा दिसतो. स्वस्त पडते म्हणून ५ मिलिग्रॅमची गोळी घरी तोडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: तुटलेल्या गोळीला गर्भवतीने हात लावू नये, मुलगा असेल तर गर्भाला धोका असतो.

औषध आयुष्यभर नकोच असेल, तर ते शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनला स्पष्ट सांगा. मग आखणीच वेगळी करावी लागते. पुढची रेषा थोडी वर ठेवायची, भोवरा तूर्त सोडून द्यायचा, आणि मागच्या पट्ट्यातले ग्राफ्ट पुढच्या गळतीसाठी राखून ठेवायचे.