विंडोज सर्व्हर २०२५ : कोटेशन मागण्याआधी कोअर मोजा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हल्ली विंडोज सर्व्हरबद्दल (सर्व्हर मशीन चालवणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली) आम्हाला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. "तुमचं कोटेशन आणि दुसऱ्या डीलरचं कोटेशन, दोन्ही विंडोज सर्व्हर २०२५ चं. मग रकमेत एवढा फरक कसा?" बहुतेक वेळा दोन्ही दर बरोबरच असतात, कोअरची (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांची) मोजणी मात्र एकाची चुकलेली असते. कधीकधी, खोटे कशाला बोला, आमचीही चुकलेली असते, कारण मशीन न पाहता फोनवरच्या माहितीवरून कोटेशन दिलेले असते. म्हणून हे पत्रक.

घाईचे कारण सांगून टाकतो. तुमच्यापैकी बऱ्याच पतसंस्था, शाळा आणि कारखान्यांची कार्यालये अजून विंडोज सर्व्हर २०१६ वर आहेत. त्याची सुरक्षा अपडेट १२ जानेवारी २०२७ रोजी थांबणार. २०१९ वाल्यांना ९ जानेवारी २०२९ पर्यंत वेळ आहे, त्यांनी हे पत्रक वाचून फाइलला लावले तरी चालेल.

वेब सर्व्हर तोच, पैसे विंडोजचे

तुमची वेबसाइट किंवा सभासदांचे पोर्टल ब्राउझरमध्ये उघडते ते आयआयएस या वेब सर्व्हरमुळे. त्याला वेगळी किंमत नाही, तो विंडोज सर्व्हरच्या पोटातच येतो. २०१६ मध्ये त्याची आवृत्ती १० होती आणि २०२५ मध्येही १० च आहे. टीएलएस १.३ आणि एचटीटीपी/३ (साइट आणि ब्राउझर यांच्यातल्या देवाणघेवाणीच्या नव्या पद्धती) यांची सोय विंडोज सर्व्हर २०२२ पासून मिळू लागली, एवढा फरक. तेव्हा "नव्या आवृत्तीने साइट पळायला लागेल" असे कोणी सांगत असेल तर मान डोलवा आणि सोडून द्या. तुम्ही पैसे मोजता ते विंडोजचे आणि २०३४ पर्यंतच्या सुरक्षा अपडेटचे.

मोजणी अशी होते

२०१२ च्या काळात हिशोब सोपा होता. एक लायसन्स म्हणजे दोन प्रोसेसर, त्यात कोअर चार असोत की बारा. २०१६ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने हे बदलले आणि कोअर मोजायला सुरुवात केली. २०२५ मध्येही तीच पद्धत आहे, दर मात्र चढत गेले. स्टँडर्ड आवृत्तीची १६ कोअरची यादीतली किंमत २०१६ मध्ये ८८२ डॉलर होती, २०१९ मध्ये ९७२, २०२२ मध्ये १,०६९ आणि आता १,१७६. दर आवृत्तीला साधारण दहा टक्के. रुपयांत तुमच्या हाती पडणारा आकडा डॉलरच्या भावावर आणि डीलरच्या सवलतीवर ठरतो, आणि वर १८ टक्के जीएसटी.

नियम असा की मशीनमधले सगळे प्रत्यक्ष कोअर मोजायचे. प्रत्येक प्रोसेसरचे किमान ८ आणि प्रत्येक सर्व्हरचे किमान १६ धरायचे. छोट्या ग्राहकाला दुखते ते इथेच. तुमच्या टेबलाखालच्या सर्व्हरमध्ये चारच कोअर असले तरी लायसन्स सोळाचेच घ्यावे लागते. रिकाम्या बाकांचेही भाडे भरायचे, असा प्रकार.

मोठ्या मशीनचे दुखणे वेगळे. एका ग्राहकाने आम्हाला न विचारता दोन प्रोसेसरचे, प्रत्येकी १२ कोअरचे मशीन घेतले, कारण ते सवलतीत मिळत होते. कोअर झाले २४. म्हणजे यादीतल्या दराने १,७६४ डॉलर. स्टँडर्ड लायसन्समध्ये अशा मशीनवर दोनच व्हर्च्युअल मशीन (एका मशीनच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र सर्व्हर) चालवता येतात, त्यांना हवी होती चार. मग सगळे २४ कोअर पुन्हा एकदा मोजायचे, म्हणजे ३,५२८ डॉलर. हार्डवेअरमध्ये वाचवलेले पैसे लायसन्समध्ये गेले. त्यांचे काम १६ वेगवान कोअरवर आरामात झाले असते. म्हणून आमचा आग्रह असतो की आधी लायसन्सचा हिशोब करा, मग मशीन निवडा.

डेटासेंटर आवृत्ती १६ कोअरला ६,७७१ डॉलरची, त्यात व्हर्च्युअल मशीन हवी तेवढी. १६ कोअरच्या मशीनवर अकरावे व्हर्च्युअल मशीन उभे करायची वेळ आली तरच ती परवडते. आमच्या बहुतेक ग्राहकांचा तिच्याशी संबंध नाही.

कॅल कोणाला लागते, कोणाला नाही

सर्वांत जास्त गोंधळ इथे आहे. कॅल म्हणजे सर्व्हर वापरणाऱ्या माणसाचे किंवा उपकरणाचे स्वतंत्र लायसन्स. ते सर्व्हरच्या किमतीत धरलेले नसते.

इंटरनेटवरून लोकांसाठी खुल्या असलेल्या वेबसाइटला कॅल लागत नाही, मग ती दिवसाला दहा जण पाहोत की दहा हजार. दूध संघाने दूध उत्पादकांसाठी साइट ठेवली, शेतकरी मोबाइलवरून आपले बिल पाहतात, तर त्या शेतकऱ्यांची कॅल घ्यायची नाही. पण त्याच सर्व्हरवर फक्त कर्मचाऱ्यांसाठी पगाराचे किंवा हजेरीचे सॉफ्टवेअर चालत असेल, फाइल शेअरिंग असेल, कर्मचाऱ्यांचे लॉगिन त्याच सर्व्हरवर तपासले जात असेल, तर त्या कर्मचाऱ्यांची कॅल हवी. ब्राउझरमध्ये उघडते म्हणून ते सार्वजनिक होत नाही.

माणसागणिक घ्यायची की उपकरणागणिक, हे कामाच्या पद्धतीवर ठरवा. गेटवरच्या एका कॉम्प्युटरवर तीन पाळ्यांत तीन जण बसतात, तिथे उपकरणाची एक कॅल पुरते. व्यवस्थापकसाहेब ऑफिसचा पीसी, घरचा लॅपटॉप आणि मोबाइल असे तिन्ही वापरतात, त्यांच्यासाठी माणसाची घ्या. आणि लक्षात असू द्या, जुन्या आवृत्तीची कॅल नव्या सर्व्हरला चालत नाही. २०१६ ची पन्नास कॅल कपाटात आहेत म्हणून २०२५ चा खर्च कमी होत नाही. उलट मात्र चालते, २०२५ ची कॅल जुन्या सर्व्हरला लागू होते.

महिन्याच्या दराने

२०२५ मध्ये नवीन सोय आली आहे. मायक्रोसॉफ्टच्या अझूर आर्क या ऑनलाइन सेवेला सर्व्हर जोडायचा आणि महिन्याला प्रति कोअर ३३.५८ डॉलर भरायचे. १६ कोअरचे महिन्याला ५३७ डॉलर होतात, म्हणजे तिसऱ्या महिन्यातच विकतच्या लायसन्सची किंमत ओलांडली जाते. प्रवेशाच्या किंवा निकालाच्या दिवसांपुरता जादा सर्व्हर लागणाऱ्या महाविद्यालयाला ही सोय कामाची. बारा महिने चालणाऱ्या सर्व्हरसाठी आम्ही ती सुचवणार नाही.

हॉटपॅचिंगचेही असेच. सर्व्हर बंद न करता सुरक्षा अपडेट बसवण्याची ही सोय १ जुलै २०२५ पासून प्रति कोअर महिन्याला दीड डॉलर अशी सशुल्क झाली. दर महिन्याऐवजी साधारण तिमाहीला एकदा सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयाला ते उपयोगी आहे. रात्री आठला शटर ओढणाऱ्या पतसंस्थेने त्यासाठी पैसे का घालवावेत, आम्हाला कळत नाही.

आपोआप झालेली अपग्रेड

नोव्हेंबर २०२४ मध्ये बऱ्याच ठिकाणी २०१९ आणि २०२२ चे सर्व्हर रातोरात २०२५ वर गेले. अपडेट बसवणाऱ्या काही बाहेरच्या सॉफ्टवेअरने ही अपग्रेड नेहमीच्या सुरक्षा अपडेटसारखी बसवली होती. सकाळी नवी आवृत्ती समोर, तिचे लायसन्स नाही आणि मागे फिरायला बॅकअपशिवाय सोपा रस्ता नाही. तुमच्याकडे अशी व्यवस्था असेल तर आवृत्ती बदलणारी अपडेट तुमच्या मंजुरीशिवाय बसणार नाहीत, हे तपासून घ्या. आमच्याकडे देखभाल करार असलेल्यांचे आम्ही पाहतोच.

स्वस्तातली लायसन्स-की

ऑनलाइन काही हजारांत मिळणारी "आजीवन" लायसन्स-की (विंडोज चालू करायचा कोड) घेऊ नका. ती चालू होते, म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. ऑडिटला विचारतात ते बिल आणि लायसन्सचे कागद. १८० दिवसांची चाचणी आवृत्ती टाकून काम भागवणारेही भेटतात. मुदत संपली की तो सर्व्हर तासातासाने स्वतःच बंद पडतो, आणि नेमका मार्चअखेरीस. मशीनसोबतच विकत आलेले लायसन्स, म्हणजे ओईएम, त्याच मशीनला बांधलेले असते, मशीन भंगारात गेले की तेही गेले.

दुसरा रस्ता आहे का?

आहे, पण सगळ्यांसाठी नाही. तुमचे सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या जुन्या वेब फॉर्म्स पद्धतीने लिहिलेले असेल तर त्याला विंडोज आणि आयआयएसच लागते. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअर लिहिण्याच्या साधनाच्या नव्या आवृत्त्यांवर लिहिलेले असेल तर ते लिनक्स या मोफत प्रणालीवर चालते, पुढे एनजिनएक्स हा मोफत वेब सर्व्हर ठेवता येतो आणि लायसन्सचा खर्च शून्य होतो. तपासणीचे दिवस मात्र धरावे लागतात. ज्यांनी सॉफ्टवेअर लिहून दिले त्यांना एवढेच विचारा : "हे लिनक्सवर चालवून पाहिलं आहे का?" उत्तर "चालायला हवं" असे आले तर ते "नाही" समजा.

आमच्या सर्व्हरवर भाड्याने जागा घेतलेल्यांना यातले काहीच करायचे नाही, विंडोजचे लायसन्स तुमच्या मासिक भाड्यात आहे.

कोटेशनसाठी आम्हाला काय पाठवायचे

सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि त्या पडद्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवा. तिथे "कोअर्स" आणि "लॉजिकल प्रोसेसर्स" असे दोन आकडे दिसतील. लायसन्ससाठी पहिला मोजतात. दुसरा बहुधा दुप्पट असतो आणि तो धरून कोटेशन देणारे डीलर आम्ही पाहिले आहेत. सर्व्हर व्हर्च्युअल असेल तर ज्या मूळ मशीनवर तो चालतो, त्याचा फोटो लागेल. सोबत दोन ओळी लिहा : त्या सर्व्हरवर तुमचे किती कर्मचारी लॉगिन करतात, आणि किती व्हर्च्युअल मशीन चालतात. कार्यालयीन वेळेत पाठवलेत तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोटेशन मिळेल.