सिकलसेल आणि महाविद्यालयीन शिक्षण (नागपूर)

सिकलसेल हा आईवडील दोघांकडून दोषयुक्त जनुक आल्यास होणारा रक्ताचा आजार. विदर्भातील आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या समाजांत तो बराच आढळतो. त्यामुळे नागपूरच्या वसतिगृहांत हा आजार सांभाळत शिकणाऱ्या मुलामुलींची गोष्ट नवी नाही. ‘एसएस पॅटर्न’ (दोन्ही जनुके दोषयुक्त) असलेली व्यक्ती रुग्ण, तर ‘एएस पॅटर्न’ (एकच दोषयुक्त) असलेली वाहक. दिव्यांगत्वाच्या सवलती रुग्णालाच मिळतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत सिकलसेल आला. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो, वयोमर्यादेतही ५ वर्षांची सूट मिळते. सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणात मात्र रक्ताचे आजार नाहीत, हा मोठा अन्याय आहे.

सांधे आणि हाडांत असह्य वेदना उठण्याला ‘क्रायसिस’ म्हणतात. शरीरातले पाणी कमी होणे, जंतुसंसर्ग, अतिश्रम, कडक ऊन आणि थंडी ही त्याची नेहमीची कारणे. नागपूर विद्यापीठाच्या परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी. म्हणजे दोन्ही वेळा हवामान या मुलांच्या विरोधात. लेखनिक हवा असेल तर लिहिण्यात शारीरिक अडचण असल्याचा दाखला सरकारी रुग्णालयातून आणावा लागतो. तो मिळाला की तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो.

खरी अडचण हजेरीची. क्रायसिस सांगून येत नाही. मेडिकलला किंवा मेयोला (नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालये) भरती झाले की आठवडा हातचा जातो, परतल्यावरही थकवा राहतो. ७५ टक्के हजेरीचा नियम अशा वेळी गळ्याशी येतो, प्रात्यक्षिके बुडतात. एरवी हा विद्यार्थी चारचौघांसारखाच दिसतो, म्हणून प्राध्यापकांना ते कारण बहाणा वाटते. प्रमाणपत्राची टक्केवारी या बुडालेल्या दिवसांचा हिशेब पुरेसा मांडत नाही. प्रवेश घेतानाच विभागप्रमुखांना लेखी कळवून ठेवलेले बरे. पुढे सूट मागताना तेच पत्र कामी येते.

वर्गात पाण्याची बाटली, तळमजल्यावरची खोली, बुडालेले प्रात्यक्षिक पुन्हा करण्याची मुभा: मागण्या एवढ्याच असतात. गरजेनुसार वाजवी सोय करून देणे हे कायद्याच्या कलम १६ नुसार शासनमान्य संस्थांचे कर्तव्य आहे, आणि ती मागताना विद्यार्थ्याने संकोचू नये.