बॅरन बेट : स्कूबा डायव्हिंगची ठिकाणे
बॅरन बेट : स्कूबा डायव्हिंगची ठिकाणे. अंदमान समुद्रात श्रीविजयपुरमच्या (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) ईशान्येस सु. १३५ ते १४० किमी. अंतरावरील निर्मनुष्य ज्वालामुखी बेटाच्या किनाऱ्यालगत पाणबुडे जेथे उतरतात ती ठिकाणे. बेटाचा व्यास सु. ३ किमी. व कमाल उंची सु. ३५४ मी. आहे; परंतु हा पर्वत सु. २,२५० मी. खोलीच्या समुद्रतळापासून उभा असल्याने दिसणारे बेट हे त्याचे केवळ शिखर होय. किनारा सोडताच तळ झपाट्याने खोल जातो.

सोलापूर परिसरात विहीर खोदताना पाषाण आणि मुरूम यांचे जे थर लागतात, तेही ज्वालामुखीजन्य बेसाल्टचेच. मात्र दोहोंची घडण वेगळी आहे. दख्खनचा बेसाल्ट सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मुख्यतः लांबलचक भेगांमधून पसरला. बॅरनचा ज्वालामुखी भारतीय भूपट्ट ब्रह्मी भूपट्टाखाली सरकत असल्यामुळे निर्माण झाला असून तेथील उघडे पडलेले सर्वांत जुने लाव्हाथर आर्गॉन पद्धतीनुसार (खडकातील आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून वय काढण्याची पद्धत) सु. १६ लाख वर्षांपूर्वीचे असावेत. बेटाच्या मध्यभागी सु. २ किमी. रुंदीचे विवर असून त्याच्या भिंती २५० ते ३५० मी. उंच आहेत. जुन्या लेखकांनी त्यास साधे ज्वालामुख मानले होते. परंतु मोठ्या स्फोटक उद्रेकानंतर माथा खचून ते तयार झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. विवराची भिंत पश्चिमेस फुटलेली आहे. आतील शंकूतून निघालेला लाव्हा याच वाटेने समुद्रास मिळतो.

पहिल्या नोंदलेल्या उद्रेकाविषयी एकवाक्यता नाही. काहीजण १७८७ मध्ये जहाजावरून दिसलेल्या धुराची नोंद पहिली मानतात. तथापि १७८९ मध्ये ब्रिटिश सर्वेक्षक आर्चिबाल्ड ब्लेअर याने तीन-चार टन वजनाचे दगड उडत असल्याचे नमूद केले असून हे वर्णन अधिक निःसंदिग्ध आहे. १८८५ मध्ये एफ. आर. मॅलेट याने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी बॅरन व नारकोंडम या बेटांवर विस्तृत ग्रंथ लिहिला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर दीर्घकाळ शांत राहिलेला हा ज्वालामुखी १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. त्यानंतर १९९४–९५, २००५ व २०१७ मधील उद्रेक विशेष उल्लेखनीय आहेत. २००५ च्या उद्रेकाचा संबंध डिसेंबर २००४ च्या महाभूकंपाशी जोडला जातो. पण त्याआधीचे दोन उद्रेक अशा भूकंपावाचून झाले होते, हे लक्षात घेता हा संबंध सावधपणेच स्वीकारावा लागतो. अंदमानातीलच बाराटांग बेटावरील चिखली ज्वालामुखींचा बॅरनसारख्या ज्वालामुखींच्या वर्गात समावेश करणे योग्य नाही, कारण तेथे शिलारस नव्हे, तर वायूच्या दाबाने चिखल वर येतो.

येथील ठिकाणे दिशेवरून आणि लाव्ह्याच्या वयावरून ओळखणे अधिक सार्थ ठरते. पश्चिमेस ताज्या लाव्ह्याचे ओघ पाण्याखाली उतरले असून त्यांच्यालगत काळी वाळू व राख साचलेली आहे. राख ढवळली गेल्यास दृश्यता घटते. एरवी किनाऱ्यावर नदी वा वस्ती नसल्याने पाणी स्वच्छ असते. इतर बाजूंस जुन्या खडकाचे तीव्र उतार व कडे असून त्यांवर प्रवाळ स्थिरावले आहेत. मोठ्या माशांपैकी मांटा रे येथे दिसतात.

नव्या लाव्ह्यावर प्रवाळ किती लवकर वाढतात, या प्रश्नाचे चांगले उत्तर इंडोनेशियातील बांडा बेटांवरून मिळते. तेथे १९८८ मधील उद्रेकाच्या लाव्ह्यावर पाचच वर्षांत निम्म्याहून अधिक पृष्ठभाग प्रवाळांनी व्यापला आणि मेजासारख्या पसरट प्रवाळांचा व्यास ९० सेंमी.पेक्षाही मोठा झाला. एरवी प्रवाळभित्ती घडण्यास लागणारा काळ पाहता ही गती विलक्षण आहे. कठीण, खडबडीत व स्पर्धक जीवांपासून मुक्त पृष्ठभाग प्रवाळांच्या डिंभांना (पाण्यात तरंगणाऱ्या पिलांना) लाभदायक ठरतो, हे त्यामागील कारण मानतात. बॅरनचा लाव्हा मात्र वारंवार नव्या राखेखाली जातो, म्हणून बांडाचा निष्कर्ष येथे जसाच्या तसा लावता येत नाही.

बेटावर उतरण्यास मनाई असून पाणबुडे परवाना घेऊन बोटीनेच येतात व बोटीवरूनच पाण्यात उतरतात. दर १० मी. खोलीस सु. एक वातावरण इतका दाब वाढतो. छंद म्हणून उतरणाऱ्यांसाठी ४० मी. ही कमाल मर्यादा समजली जाते, तर प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी ती १८ मी. आहे. ज्या उतारावर तळ दिसतच नाही, तेथे खोलीचा अंदाज चुकणे सोपे असते. त्यामुळे मालवण-तारकर्लीच्या उथळ पाण्यात एकदाच उतरलेल्या व्यक्तीने थेट येथे येणे हितावह नाही.

रक्तात विरघळलेला नायट्रोजन पूर्णपणे बाहेर पडण्यास वेळ लागतो आणि त्याआधी उंचीवर गेल्यास हवेचा दाब घटून त्याचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून अनेक दिवस डायव्हिंग केल्यानंतर विमानप्रवासापूर्वी किमान १८ तास थांबण्याची शिफारस केली जाते. हाच विचार घाट चढण्यासही लागू पडतो : मालवणला सकाळी बुडी मारून त्याच दिवशी आंबोलीमार्गे सोलापूरकडे निघणारा प्रवासी काही तासांत समुद्रसपाटीपासून सु. ७०० मी. उंचीवर पोहोचतो.