खोल समुद्रातील स्पंज : वर्गीकरण व नामकरण

स्पंज हे रंध्रीय संघातील, म्हणजे पोरिफेरा संघातील प्राणी. त्यांना तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत. अंगावरच्या असंख्य बारीक छिद्रांतून पाणी आत घ्यायचे, त्यातले जिवाणू व अन्नकण गाळायचे आणि मोठ्या छिद्रावाटे पाणी बाहेर सोडायचे, असा बहुतेकांचा जीवनक्रम असतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने त्यांना आधी वनस्पतींत घातले होते. रॉबर्ट एडमंड ग्रँट यांनी १८२५ च्या सुमारास मोठ्या छिद्रातून सतत बाहेर पडणारा पाण्याचा झोत पाहिला आणि हे प्राणी आहेत हे दाखवून दिले. ‘छिद्रधारी’ या अर्थाचे पोरिफेरा हे नावही त्यांनीच १८३६ मध्ये दिले. आज ९,००० हून अधिक जाती मान्य आहेत. त्यांपैकी सुमारे २०० मीटरच्या खाली राहणाऱ्यांना ओळखणे विशेष कठीण जाते, कारण नमुने थोडे मिळतात, जाळ्यातून वर येताना तुटतात आणि अल्कोहोलमध्ये ठेवले की त्यांचा रंग जातो.

आकारावर तर मुळीच विसंबता येत नाही. एकाच जातीचा स्पंज प्रवाहात पंख्यासारखा पसरतो आणि शांत पाण्यात नळीसारखा वाढतो. उलट लांबचे नाते असलेले दोन स्पंज हुबेहूब सारखे दिसू शकतात. म्हणून अभ्यासक कंटिकांकडे वळतात. कंटिका म्हणजे स्पंजाच्या शरीराला आधार देणारे सिलिकाचे किंवा चुनखडीचे काटे. सिलिकेच्या स्पंजाचा नखाएवढा तुकडा विरंजकात किंवा नायट्रिक आम्लात ठेवला की मांसल भाग विरघळतो आणि तळाशी पांढरी भुकटी उरते. ती धुऊन काचपट्टीवर घेतली की सूक्ष्मदर्शकाखाली सुया, चांदण्या, आकडे, दातेरी छत्र्या असा सगळा पसारा दिसतो. मोठ्या कंटिका सांगाडा उभारतात, तर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढ्या सूक्ष्मकंटिका पेशीजालात विखुरलेल्या असतात. जात ओळखताना या बारीक कंटिकाच अनेकदा निर्णायक ठरतात. भुकटी करण्याआधी एक पातळ उभा छेद घेणे मात्र आवश्यक असते. कोणती कंटिका पृष्ठभागाशी होती आणि कोणती आत, ही माहिती भुकटीतून परत मिळत नाही.

संघाचे चार वर्ग मानतात. चुनखडीच्या कंटिकांचा कॅल्केरिया वर्ग मुख्यतः उथळ पाण्यातला आहे. होमोस्क्लेरोमॉर्फा हा लहानसा गट २०१२ मध्ये स्वतंत्र वर्ग झाला. डेमोस्पंजी वर्गात बहुसंख्य जाती येतात आणि त्या सर्व खोलींवर आढळतात. खोल समुद्राची खरी ओळख मात्र हेक्झॅक्टिनेलिडा, म्हणजे काचस्पंज. त्यांच्या कंटिका तीन परस्परलंब अक्षांवर बेतलेल्या, मुळात सहा शाखांच्या असतात. शरीराचा बराचसा भाग पेशींच्या भिंती नसलेल्या, सलग जीवद्रव्याच्या जाळीचा असतो. या वर्गाचे दोन उपवर्ग केवळ सूक्ष्मकंटिकांवरून पडतात : मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना दातेरी छत्री असेल तर अँफिडिस्कोफोरा, सहा शाखांची टोके पुन्हा फुटलेली असतील तर हेक्झॅस्टेरोफोरा. १८७२ ते १८७६ या काळातील चॅलेंजर जहाजाच्या समुद्र-संशोधन मोहिमेत सापडलेले काचस्पंज फ्रांट्स आयल्हार्ड शुल्त्से यांनी १८८७ च्या ग्रंथात वर्णिले. पुढे व्हाल्डिव्हिया जहाजाच्या जर्मन मोहिमेतील नमुन्यांवरून त्यांनीच १९०४ मध्ये मोनोराफिस चुनी ही जाती नोंदवली. मोनोराफिस म्हणजे ‘एकच सुई’, आणि चुनी हे मोहिमेचे प्रमुख कार्ल चुन यांच्या सन्मानार्थ. या स्पंजाला तळात रोवून धरणारी एकच कंटिका ३ मीटरपर्यंत लांब होते. नाव आणि प्राणी यांची इतकी नेमकी सांगड क्वचितच पडते.

कंटिका वाचता आल्या नाहीत तर काय होते, हे हायलोनेमा सीबोल्डी या जपानी समुद्रातील काचस्पंजाने दाखवले. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३५ मध्ये त्याला नाव दिले. काचेच्या धाग्यांचा पीळदार दोर, त्यावर प्रवाळांच्या जवळच्या नात्यातल्या झोअँथिड प्राण्यांची साल आणि टोकाला स्पंज, असे त्याचे रूप. ग्रे यांच्या मते दोर या सालीतल्या जीवांचा होता आणि स्पंज हा वेगळा जीव. १८६० मध्ये माक्स शुल्त्से यांनी दाखवले की दोर स्पंजाच्याच लांब कंटिकांचा आहे आणि साल म्हणजे पाहुणी.

मांसाहारी स्पंजांचे उदाहरण आणखी बोलके आहे. क्लॅडोरायझिडी कुलातील बहुतेक जातींत पाणी खेळवणारी छिद्रे व नलिका उरलेल्याच नाहीत. संघाला ज्यावरून नाव पडले तेच लक्षण यांच्यात नाही! अंगावर पसरलेल्या सूक्ष्म आकड्यांत लहान कवचधारी प्राणी अडकतात, मग पेशी त्यांच्याभोवती सरकून येतात. भूमध्य समुद्रातील, माणसाला बुडी मारून जाता येईल अशा एका थंड गुहेत हे भक्षण प्रत्यक्ष पाहता आले आणि १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. तरीही या कुलाचे स्थान डेमोस्पंजी वर्गातच आहे, कारण हे आकडे, म्हणजे कीला नावाच्या सूक्ष्मकंटिका, पेसिलोस्क्लेरिडा गणातील इतर स्पंजांच्या कीलांशी जुळतात.

नावे प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दिली जातात. नव्या जातीसाठी वर्णन प्रसिद्ध करावे लागते आणि नावाचा आधार म्हणून एक नमुना, होलोटाइप, जपून ठेवावा लागतो. खोल समुद्रातील कित्येक जातींची सगळी ओळख अशा एकाच, तेही अर्धवट नमुन्यावर उभी आहे. चार्ल्स वायव्हिल थॉमसन यांनी एका काचस्पंजाला होल्टेनिया कार्पेंटेरी म्हटले होते. प्रजातीचे, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचे, नाव फॅरो बेटांचे गव्हर्नर होल्टन यांच्यावरून होते. पुढे ही जाती जोसेफ लायडी यांच्या १८६८ मधील फेरोनेमा या प्रजातीत गेली. म्हणून आज ती फेरोनेमा कार्पेंटेरी (थॉमसन, १८६९) अशी लिहितात. कंसाचा अर्थ एवढाच की नाव देणारा तोच, पण प्रजाती बदलली. जुने नाव पुसले जात नाही, समानार्थी म्हणून नोंदीत राहते. जुने अहवाल वाचणाऱ्याला तो फार मोठा आधार असतो.

डीएनएच्या अभ्यासाने कंटिकांचे काही निष्कर्ष उलटवले. एकमेकींत गुंतलेल्या कंटिकांमुळे दगडासारखे कठीण झालेले लिथिस्टिड स्पंज पूर्वी एकाच गणात होते. हा कठीणपणा वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आला, असे दिसल्यावर तो गण मोडला. दुसरीकडे, प्राण्यांच्या जाती ओळखण्यासाठी सर्रास वापरला जाणारा मायटोकाँड्रियातील जनुकखंड स्पंजांत फार सावकाश बदलतो, त्यामुळे जवळच्या जाती त्यावरून वेगळ्या काढता येत नाहीत. कंटिका आणि जनुके शेजारी ठेवून पाहणे हीच आज भरवशाची पद्धत आहे.

आता दूरनियंत्रित पाणबुड्या स्पंजांची छायाचित्रे जागच्या जागी टिपतात. तुकडा हाती नसेल तर अशा चित्रावर बहुधा कुलाचे किंवा प्रजातीचेच नाव लावता येते, पुढे ‘जाती अनिश्चित’ असा शेरा येतो. पॅसिफिकमध्ये २०१६ साली दिसलेला, दोन मोठ्या भोकांमुळे परग्रहवासीयाच्या चेहऱ्यासारखा भासणारा काचस्पंज असाच काही काळ बिननावाचा होता. नमुना हाती आला, कंटिका तपासल्या गेल्या आणि २०२० मध्ये त्याला नव्या प्रजातीसह ॲडव्हेना मॅग्निफिका हे नाव मिळाले.