किशोरवयीन प्रेमसंबंधांतील हिंसा : प्रतिबंध

किशोरवयीन मुलामुलींच्या प्रेमसंबंधांत एका जोडीदाराकडून दुसऱ्याला होणारी मारहाण, लैंगिक जबरदस्ती, धमक्या, मानहानी आणि मोबाइलवरून ठेवली जाणारी पाळत यांना आळा घालण्यासाठी योजलेले उपाय.

या अभ्यासाचा आरंभ सामान्यतः जेम्स मेकपीस यांच्या १९८१ मधील पाहणीपासून मानतात. तीत अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक-पंचमांश जणांनी अशा हिंसेचा प्रत्यक्ष अनुभव सांगितला होता. तथापि कर्कपॅट्रिक व कॅनिन यांनी १९५७ मध्येच विद्यापीठीय तरुणांच्या लैंगिक आक्रमकतेची नोंद केली असल्याने काही अभ्यासक हा आरंभ तेथवर मागे नेतात. दोन्ही पाहण्या महाविद्यालयीन वयाच्या असल्याने शालेय वयापुरता जून हेंटन व सहकाऱ्यांचा १९८३ मधील अभ्यास अधिक जवळचा ठरतो.

प्रतिबंधाच्या कार्यक्रमांपैकी ‘सेफ डेट्स’ची चिकित्सा सर्वांत तपशीलवार झाली आहे. व्हँजी फॉशी व सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनातील एका ग्रामीण काउंटीच्या १४ शाळांत, आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी, १९९४ पासून तो राबविला. नाट्यप्रयोग, वर्गपाठ व भित्तिचित्र-स्पर्धा ही त्याची अंगे होत. एका वर्षानंतर वर्तनावरील परिणाम ओसरल्याचे दिसले, तर चार वर्षांनंतरच्या तपासणीत शारीरिक व लैंगिक हिंसा पुन्हा कमी आढळली. मधल्या काळात दिलेल्या उजळणीने मात्र अधिक लाभ झाला नाही. निष्कर्ष विद्यार्थ्यांच्या स्वकथनावर आधारलेले असल्याने ते जपूनच वाचावे लागतात.

केवळ वर्गपाठ पुरेसे असतात का, हा कळीचा वाद आहे. ब्रूस टेलर व नॅन स्टाइन यांनी न्यूयॉर्क शहरातील ३० शाळांत सहावी-सातवीच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात निव्वळ वर्गपाठांचा फारसा प्रभाव दिसला नाही. उलट विद्यार्थ्यांकडून शाळेच्या नकाशावर असुरक्षित जागा दाखवून घेणे, तेथे शिक्षकांचा वावर वाढविणे आणि त्रास देणाऱ्यास लेखी मर्यादा घालून देणे, या शाळाव्यापी उपायांनी लैंगिक छळ घटला. शाळेचा परिसर बदलण्यावर भर देणारे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

क्रीडाप्रशिक्षकांमार्फत मुलग्यांशी स्त्री-पुरुष समानतेविषयी बोलण्याची कॅलिफोर्नियात तपासलेली पद्धत ‘परिवर्तन’ या नावाने मुंबईतील शालेय क्रिकेट प्रशिक्षकांपर्यंत पोहोचली. तेथे मुलांच्या स्त्री-पुरुष समानतेविषयीच्या धारणांत सुधारणा आढळली. धारणा बदलल्याने वर्तन बदलतेच असे नव्हे.

भारतात १८ वर्षांखालील व्यक्तीची लैंगिक संमती २०१२ च्या बाल लैंगिक अपराध संरक्षण कायद्यानुसार ग्राह्य नसते आणि कलम १९ नुसार अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक असते. परिणामी, जोडीदाराच्या मारहाणीविषयी बोलू पाहणाऱ्या मुलीला संबंध उघड होऊन पोलिसांत जाण्याचे भय राहते. शालेय समुपदेशकाने गोपनीयतेची ही मर्यादा संभाषणाच्या आरंभीच स्पष्ट करणे त्यामुळे आवश्यक ठरते.