शोभेची दारू ते हरित फटाके: विक्रीच्या नियमांची पार्श्वभूमी

दिवाळीच्या तोंडावर फटाक्यांच्या तात्पुरत्या परवान्यांसाठी अर्ज मागवले जातात. त्या सूचनांत आजही 'शोभेची दारू' हा शब्द असतो. घरात आपण फटाके म्हणतो, पण कायद्याच्या लेखी फुलबाजीचा पुडाही स्फोटकच. १८८४ च्या स्फोटक कायद्याने दारूकामाला सुरुंगाच्या पंगतीत बसवले आणि ते तिथून उठलेले नाही. त्याआधीची काही शतके दरबारी आतषबाजीची होती. त्या काळातल्या संस्कृत ग्रंथांत दारू भरण्याच्या कृतीसुद्धा सापडतात, पण आजच्या नियमांशी त्यांचे नाते नाही. आजच्या बाजाराची सुरुवात १९४० पासून धरावी. त्या वर्षीच्या नियमांनी कारखान्यांना परवाना सक्तीचा केला आणि काडेपेटीच्या धंद्यात मुरलेले तमिळनाडूतले शिवकाशी गाव फटाक्यांकडे वळले.

पुढे कितीतरी वर्षे कायद्याला भीती होती ती आगीची. गंधक आणि क्लोरेट एकत्र असलेल्या मिश्रणावर १९९२ मध्ये बंदी आली, कारण ते नुसत्या घर्षणानेही पेटू शकते. सध्याचे २००८ चे नियम याच भीतीतून उतरले आहेत. तात्पुरता स्टॉल न जळणाऱ्या साहित्याचा हवा, दोन स्टॉलमध्ये किमान ३ मीटर अंतर हवे, वस्ती आणि इतर संरक्षित वास्तूंपासून ५० मीटर. स्टॉलची तोंडे समोरासमोर नकोत, उघडा दिवा नको, एका ठिकाणी ५० हून अधिक स्टॉल नकोत. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मैदानावरचा फटाका बाजार पेटला आणि बघता बघता शंभराहून अधिक स्टॉल जळाले. त्या मैदानाची छायाचित्रे ज्यांनी पाहिली त्यांना ३ मीटरचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढच्याच वर्षी राज्यातल्या उच्च न्यायालयाने निवासी भागातल्या फटाकेविक्रीला मनाई केली.

आगीनंतर आवाजाचा मुद्दा आला. १९९९ मध्ये मर्यादा ठरली: फटाका फुटतो त्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबल. त्याहून मोठ्या आवाजाचा फटाका बनवायचाही नाही आणि विकायचाही नाही. माळेसाठी मात्र एक सूत्र दिले, ज्यात माळेतले फटाके वाढतील तशी प्रत्येक फटाक्याची मर्यादा खाली येते. हजाराच्या माळेत ती ११० डेसिबलवर येते. हा हिशेब स्टॉलवाल्याने करायचा की गिऱ्हाइकाने, याचे उत्तर त्यात नाही. २००५ मध्ये रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके वाजवण्यावर देशभर बंदी आली. विकणाऱ्याच्या दृष्टीने तेव्हा फारसे बदलले नाही, बंधन आले ते वाजवणाऱ्यावर.

खरा गुंता हवेच्या प्रश्नाने केला. २०१५ मध्ये दीड वर्षाच्याही आतल्या तीन बाळांच्या नावे त्यांच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्ली राजधानी परिसरातले विक्रीचे सगळे परवाने स्थगित झाले, सप्टेंबर २०१७ मध्ये स्थगिती उठली आणि ऑक्टोबरमध्ये दिवाळीपुरती पुन्हा लागू झाली. शिसे, पारा, आर्सेनिक, अँटिमनी आणि लिथियम यांच्या वापरावरही त्याच वर्षी बंदी आली.

मग २३ ऑक्टोबर २०१८ चा निकाल आला. सरसकट बंदी नाकारली गेली, पण विक्री फक्त कमी प्रदूषण करणाऱ्या, म्हणजे 'हरित' फटाक्यांची. माळा बंद, बेरियमचे क्षार बंद, ऑनलाइन विक्री बंद. दिवाळीत वाजवायची वेळ रात्री ८ ते १०. त्या वर्षी दिवाळी होती ७ नोव्हेंबरला. दोन आठवड्यांत नवा माल तयार होणे शक्य नव्हते, आणि 'हरित' म्हणावा असा एकही फटाका तेव्हा बाजारात नव्हता. महिनाअखेर खुलासा आला की हरितची अट तूर्त राजधानी परिसरापुरती आहे. तोवर गावोगावच्या किरकोळ विक्रेत्यांनी वर्षाचा माल भरून ठेवला होता.

या निकालाचा हेतू योग्य होता याबद्दल मला शंका नाही. दम्याचा त्रास असलेले माणूस ज्या घरात आहे, तिथे याची गरज सांगावी लागत नाही. अडचण त्या एका शब्दाची आहे. 'हरित' ऐकून लोकांना वाटते की हा फटाका धूर करत नाही. प्रत्यक्षात ही तुलना आहे: नेहमीच्या फटाक्याच्या मानाने सूक्ष्म धूलिकण साधारण ३० टक्के कमी. उरलेले ७० टक्के कुणी मोजायचे? शिवाय एकाऐवजी दोन पुडे फोडले, तर कमावलेले तिथेच संपते. नागपूरच्या संशोधन संस्थेने बसवलेल्या कृतींना 'स्वास', 'स्टार' आणि 'सफल' अशी नावे मिळाली. एकात पाण्याची वाफ सुटून धूळ खाली बसते, एकात ॲल्युमिनियम कमी आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये हे फटाके बाजारात आले.

बेरियमने घोळ आणखी वाढवला. आतषबाजीतला हिरवा रंग येतो तोच मुळी बेरियममुळे, त्यामुळे हिरवा उजेड देणारा फटाका आणि 'हरित' फटाका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फुलबाजीतही बेरियम नायट्रेट लागते, कारण ज्वलनाला प्राणवायू तेच पुरवते. उत्पादकांचे म्हणणे असे की प्रमाण कमी करून ते हरित फटाक्यांत वापरू द्यावे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने ते फेटाळले, आणि नोव्हेंबरमध्ये बेरियमबंदी केवळ राजधानीला नव्हे, सगळ्या राज्यांना लागू असल्याचे स्पष्ट केले. त्याआधीच केंद्रीय तपास यंत्रणेने काही कारखान्यांचा माल तपासला होता. त्यात बंदी असलेले बेरियम सापडले.

आत काय भरले आहे हे कारखान्यात ठरते, आणि ते विकत घेणाऱ्याला दिसत नाही. फटाका हरित आहे हे ओळखायला खोक्यावर क्यूआर कोड आहे, पण बनावट कोडच्या तक्रारी पहिल्या काही वर्षांतच आल्या. जप्तीची वेळ येते तेव्हा माल उचलला जातो तो स्टॉलवरून. दहा दिवसांच्या धंद्यासाठी पोलीस, अग्निशमन आणि महापालिका यांची ना हरकत प्रमाणपत्रे गोळा करणारा माणूस फटाक्यातले रसायन तपासू शकत नाही. तपासणी शिवकाशीतून माल निघण्याआधी व्हायला हवी होती, असे मला आजही वाटते.

महाराष्ट्रात २०२३ च्या दिवाळीत उच्च न्यायालयाने वाजवण्याची वेळ आधी ७ ते १० ठेवली आणि चारच दिवसांत ८ ते १० केली. दिल्लीत डिसेंबर २०२४ मध्ये वर्षभराची बंदी आली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायालयाने तिथे १८ ते २० ऑक्टोबर असे तीन दिवस, नेमून दिलेल्या जागीच, विक्रीची मुभा दिली. ऑनलाइन विक्री बंदच राहिली. मुभा मिळाली ती फक्त हरित फटाक्यांना, आणि त्यांची ओळख पटवायची होती खोक्यावरच्या त्याच क्यूआर कोडवरून.